"मला माहीत आहे" म्हटलं की ऐकू येणं बंद होतं का?

पाणवठा

बावीस वर्षं मी यंत्रांच्या देखभालीच्या कामात आहे. पंप, मोटर, ब्लोअर, गिअरबॉक्स. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर टेकवायचं, मूठ कानापाशी धरायची आणि आतला आवाज ऐकायचा. हे इतकं अंगवळणी पडलंय की अनेकदा मशीनकडे चालत जातानाच बिघाड काय असेल ते मनात पक्कं झालेलं असतं.

दोन महिन्यांपूर्वी एक पंप घरघरायला लागला. मी ऐकलं आणि दहा सेकंदांत सांगितलं, "मोटरचं पुढचं बेअरिंग गेलंय." हाताखालचा मुलगा मोटरचे बोल्ट सैल करत होता. तो म्हणाला, "साहेब, हा मागचा पाय जरा..." मी म्हटलं, "आधी बेअरिंग काढ."

बेअरिंग बदललं, आवाज गेला. नवव्या दिवशी परत आला. खरं तर त्याच दिवशी माझ्या मनात यायला हवं होतं की निदान चुकलंय. आलं काय, तर नवं बेअरिंगच खराब निघालं. दुसरं बसवलं. तेही गेलं. मग मी ग्रीसला दोष दिला. माझा प्रत्येक नवा अंदाज पहिल्या अंदाजाला सांभाळून घेत होता आणि हे मला तेव्हा अजिबात जाणवलं नाही.

शेवटी दुसऱ्या पाळीतल्या एका सहकाऱ्याने मोटरच्या पायांखाली फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पातळ पत्ती सरकवून पाहिली. चारपैकी एक पाय बेसवर टेकतच नव्हता. बोल्ट आवळला की मोटरची बॉडी पिळली जायची आणि सगळा ताण बेअरिंगवर यायचा. नवं बेअरिंग तो ताण काही दिवस सोसायचं, म्हणून आवाज जायचा. पायाखाली शिम, म्हणजे फट भरणारी पातळ पट्टी, टाकली. पंप आजतागायत शांत चालतोय.

मी त्या मुलाला विचारलं, "तू त्या दिवशी काय सांगत होतास?"

"बोल्ट सैल केल्यावर पाय वर उचलला गेला होता, साहेब."

"मग नंतर का नाही बोललास?"

"तुम्हाला माहीत असेल असं वाटलं."

हे वाक्य मला झोपू देत नाहीये. पाय अधांतरी असला की काय होतं, हे मी स्वतः नव्या मुलांना शिकवतो. म्हणजे ज्ञान कमी पडलं असं नाही. ते असूनही मी ते बाहेर काढलं नाही, कारण उत्तर आधीच हातात होतं. तुमच्या कामात हे कसं होतं? आणि होऊ नये म्हणून कोणी काही करतं का? मनापासून विचारतोय.

निळीशाई

पाणवठा, फार प्रामाणिक लिहिलंय. तुम्ही जे वर्णन केलंय त्याच्या अगदी जवळ जाणारा एक प्रयोग बुद्धिबळपटूंवर झालाय. बिलालिच, मॅकलिऑड आणि गोबे या तिघांनी तो २००८मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी पटावर अशी स्थिती मांडली की एक सुप्रसिद्ध मात लगेच दिसावी. पण त्याच पटावर तिच्याहून कमी चालींची, अनोळखी मात सुद्धा होती. तरबेज खेळाडूंना ओळखीची मात झटकन सापडली. याहून चांगली शोधा असं सांगितल्यावर ते म्हणाले, शोधतोय, दिसत नाही.

खरी गंमत पुढे आहे. त्यांची नजर कुठे फिरतेय हे यंत्राने टिपलं जात होतं. "दुसरं शोधतोय" म्हणत असताना डोळे पुन्हा पुन्हा त्या ओळखीच्या चालींच्या घरांवरच जात होते. ते खोटं बोलत नव्हते, आपण मोकळेपणाने शोधतोय असंच त्यांना वाटत होतं. पटावरून ती ओळखीची वाट काढून टाकली की त्याच दर्जाच्या खेळाडूंना छोटी मात सापडत होती.

म्हणून "मन मोकळं ठेवा" हा सल्ला मला अपुरा वाटतो. बंद मनाला आतून आपण उघडेच आहोत असं वाटत असतं.

रानफूल

"तुम्हाला माहीत असेल असं वाटलं." अंगावर काटा आला. वाचतेय.

तिरपीरेघ

सगळ्यांनी एक खेळ खेळूया का? मी एक नियम मनात धरलाय. २, ४, ६ हे तीन आकडे त्या नियमात बसतात. तुम्ही तीन-तीन आकडे द्या, मी बसतात की नाही ते सांगेन. खात्री झाली की नियम सांगा. ज्यांना खेळ माहीत आहे त्यांनी कृपया थोडं थांबा.

खडूफळा

८, १०, १२

तिरपीरेघ

बसतात.

खडूफळा

२०, २२, २४. आणि १००, १०२, १०४.

तिरपीरेघ

दोन्ही बसतात.

खडूफळा

मग झालं. दोन-दोनने वाढणाऱ्या सम संख्या.

तिरपीरेघ

नाही.

खडूफळा

बरं, सम असायची गरज नसेल. ७, ९, ११?

तिरपीरेघ

बसतात.

खडूफळा

दोन-दोनने वाढणाऱ्या कुठल्याही संख्या.

तिरपीरेघ

नाही.

रानफूल

६, ४, २

तिरपीरेघ

नाही बसत!

रानफूल

१, २, ५०

तिरपीरेघ

बसतात.

रानफूल

नुसते चढत्या क्रमाने?

तिरपीरेघ

बरोबर. एवढाच नियम. पीटर वॅसन या मानसशास्त्रज्ञाने १९६०मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध केला. तेव्हाही बहुतेकांनी पहिल्यांदा सांगितलेला नियम चुकलाच होता. खडूफळा, वाईट वाटून घेऊ नका, मी स्वतः पहिल्यांदा खेळलो तेव्हा तुमच्याच वाटेने गेलो होतो.

तुमचे सगळे प्रश्न "हो" ऐकण्यासाठी होते. प्रत्येक "हो"ने खात्री वाढत गेली, पण माहिती काहीच वाढली नाही. रानफूल यांच्या ६, ४, २ला "नाही" मिळालं आणि दोन पावलांत उलगडा झाला. पाणवठा यांचं नवं बेअरिंग नऊ दिवस शांत चाललं, तेही असंच एक "हो" होतं. मोटरचा पाय तपासणं म्हणजे "नाही" मिळू शकेल असा प्रश्न विचारणं.

पाणवठा

तिरपीरेघ, हे मी छापून भिंतीवर लावणार आहे. आवाज जाणं हा पुरावा आहे असंच मी धरून चाललो होतो.

मधलीसुट्टी

मी शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी मोठ्या वर्गाला पहिल्याच तासाला विचारते, सायकल कशी चालते हे किती जणांना माहीत आहे? सगळे हात वर. मग कोरा कागद देते. फक्त सायकलचं चित्र काढा, पेडल, साखळी आणि दांड्या जिथल्या तिथे. पाच मिनिटांत वर्ग शांत होतो. कोणी साखळी दोन्ही चाकांना गुंडाळतं, कोणी पेडल पुढच्या चाकाला बसवतं, कोणी दोन चाकांना आडव्या दांड्याने जोडून टाकतं, म्हणजे हँडल वळणारच नाही. यातली कित्येक मुलं रोज सायकलवर शाळेत येतात.

लिव्हरपूल विद्यापीठात रिबेका लॉसन यांनी मोठ्या माणसांकडून असंच करून घेतलं (२००६) आणि मोठ्यांच्याही अशाच चुका निघाल्या. त्याआधी येल विद्यापीठात रोझेनब्लिट आणि काइल यांनी लोकांना चेन (कपड्यांची), कुलूप, शिवणयंत्र अशा वस्तूंची यादी देऊन विचारलं, हे कसं चालतं ते तुम्हाला किती कळतं, १ ते ७मध्ये गुण द्या. मग एक-एक पायरी लिहायला लावली. लिहून झाल्यावर लोकांनी स्वतःच आपले गुण कमी केले. कोणी त्यांना चूक म्हटलं नव्हतं, वाद घातला नव्हता. त्यांनी फक्त लिहिलं.

वर्गात मला आवडतो तो नेमका हा क्षण. पेन्सिल कागदावर टेकलेली आणि पुढे सरकत नाही. त्या अर्ध्या मिनिटात मुलांच्या चेहऱ्यावर जे येतं त्याला मी कुतूहल म्हणते. त्यानंतर साखळीबद्दल शिकवलं तर प्रत्येक शब्द ऐकला जातो. हेच चित्र न काढता शिकवलं तर "हे येतं आम्हाला" म्हणून खिडकीबाहेर बघतात.

आडवाट

थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा.

या चर्चेचा रोख असा होतोय की खात्री वाईट आणि शंका चांगली. मला हे धोक्याचं वाटतं. ज्याला विषयातलं ओ की ठो कळत नाही तो उठून तज्ज्ञाला म्हणतो, "तुमचं मन बंद आहे, माझं ऐका." कित्येक आजारी माणसं अशाच 'मोकळ्या' मनाच्या सल्ल्यांपायी औषधं सोडतात. शिवाय तज्ज्ञांना खोटं पाडणाऱ्या एकट्या शहाण्याच्या गोष्टी आपण सांगतो, पण तज्ज्ञांना आव्हान देऊन सपशेल चुकलेल्या हजारो लोकांच्या गोष्टी कोणी सांगत नाही. पाणवठा यांनीही बावीस वर्षांत किती वेळा दहा सेकंदांत अचूक निदान केलं असेल! त्याची मोजदाद कुठे आहे?

आणि डनिंग आणि क्रूगर या मानसशास्त्रज्ञांच्या नावाने फिरणारा तो आलेख सगळ्यांनी पाहिलाच असेल. थोडं शिकलं की आत्मविश्वास शिखरावर, मग दरी, मग हळूहळू चढ. खरे ज्ञानी शंका घेतातच. अडचण अर्धवटांची आहे.

निळीशाई

आडवाट, तुमचा पहिला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. दुसऱ्यावर थोडं लिहिते.

तो शिखर-दरीचा आलेख डनिंग आणि क्रूगर यांच्या १९९९च्या निबंधात नाहीच. त्यांनी तर्क, व्याकरण आणि विनोदाची जाण यांच्या चाचण्या घेतल्या. सगळ्यांत खालच्या चौथाईतल्या लोकांचं खरं स्थान सरासरी १२व्या पर्सेंटाइलला होतं (म्हणजे शंभरातले जेमतेम १२ जण त्यांच्या मागे), त्यांना वाटत होतं आपण ६२व्याला आहोत. वरच्या थरातल्यांनी स्वतःला थोडं कमी लेखलं. पण स्वतःबद्दलच्या अंदाजाची रेषा डावीकडून उजवीकडे साधारणपणे हळूहळू चढत जाते. शिखर नाही, दरी नाही. यातला काही भाग निव्वळ संख्याशास्त्रामुळे दिसतो अशी टीकाही नंतर झाली आहे.

हे मी तुम्हाला खोडून काढायला लिहीत नाहीये. मी स्वतः काही वर्षं हाच आलेख लोकांना समजावून सांगत होते. मूळ निबंध उघडून बघावा असं एकदाही वाटलं नाही, कारण मला तो 'माहीत' होता. आणि या आलेखाचं एक नुकसान असं की त्यात अर्धवट नेहमी दुसरा कोणीतरी असतो. पाणवठा अर्धवट नाहीत. आणि प्रयोगातले ते बुद्धिबळपटूही अर्धवट नव्हते.

आडवाट

मूळ निबंध मीही पाहिला नव्हता. आता पाहतो. आभार.

उंबरठा

मी डॉक्टर आहे. आडवाट यांची काळजी माझीही रोजची आहे, तरी एक अनुभव सांगते.

शिकाऊ असताना रात्रपाळीला एक बाई आल्या. धाप, छातीत धडधड, घाबरलेल्या. आधीच्या कागदांवर लिहिलं होतं की त्यांना चिंतेचे झटके येतात. मी तो कागद वाचला आणि मग त्यांच्याकडे पाहिलं. क्रम महत्त्वाचा आहे. त्या म्हणाल्या, "हे नेहमीसारखं नाहीये, डॉक्टर." मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "प्रत्येक वेळी तसंच वाटतं." मी प्रेमाने बोलले होते. परिचारिकेने दोन तासांनी परत बोलावलं, ऑक्सिजनची पातळी उतरत होती. एक पोटरी दुसरीपेक्षा सुजलेली होती, ती मी पांघरूण बाजूला करून बघितलीच नव्हती. पायात झालेली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली होती. त्या वाचल्या. पण त्यांनी मला निदान जवळजवळ आयतं हातात ठेवलं होतं.

आमच्याकडे हा प्रकार ओळखीचा आहे. एकदा रोगाचं नाव कागदावर आलं की पुढचा प्रत्येक जण ते नाव वाचून मगच पेशंट बघतो, आणि हातोहाती जाताना ते नाव अधिकाधिक पक्कं होत जातं. मूळ पुरावा तेवढाच असतो.

झेमेलवाइस या डॉक्टरची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असेल. व्हिएन्नाच्या रुग्णालयात १८४७मध्ये त्याने डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि त्याच्या विभागातले बाळंतिणींचे मृत्यू एप्रिलमधल्या १८ टक्क्यांवरून काही महिन्यांत २ टक्क्यांच्या आसपास आले. तरी बड्या मंडळींनी मानलं नाही. मला यात नेहमी दिसतं ते असं की मानायचं म्हणजे आजवर आपल्याच हातांनी बायका दगावल्या हे मान्य करायचं. खात्री सोडायची किंमत काही वेळा एवढी मोठी असते. गोष्टीचा दुसरा भाग मात्र कमी सांगितला जातो. झेमेलवाइसने सविस्तर पुस्तक लिहिलं ते १८६१मध्ये, चौदा वर्षांनी, आणि विरोधकांना जाहीर पत्रांतून खुनी ठरवलं. त्याचं म्हणणं बरोबर होतं, पण समोरच्याला ते ऐकता येईल अशी वाट त्यानेही ठेवली नाही.

तिरपीरेघ

आडवाट यांच्या मुद्द्याला धरून. मोकळं मन म्हणजे प्रत्येकाच्या म्हणण्याला सारखं वजन देणं नव्हे, हे नक्की. मग कुणाचं ऐकायचं? मला भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्विनचं उदाहरण उपयोगी वाटतं.

पृथ्वी तापलेल्या गोळ्यासारखी निवत आली असं धरून केल्विनने १८६२मध्ये तिचं वय काढलं, २ कोटी ते ४० कोटी वर्षांच्या दरम्यान. पुढे तो आकडा आवळत गेला आणि १८९७मध्ये २ ते ४ कोटींवर आला. आज आपण सुमारे ४५४ कोटी वर्षं मानतो. भूगर्भशास्त्रज्ञ म्हणत होते की एवढ्या कमी वेळात खडकांचे हे थर बसणं शक्य नाही. केल्विनचं गणित निर्दोष होतं, त्यामुळे त्यांचं फारसं चालेना.

१८९५मध्ये जॉन पेरी पुढे आला. हा एकेकाळी केल्विनचाच साहाय्यक. त्याने गणिताला हात लावला नाही. तो म्हणाला, पृथ्वीच्या पोटातही उष्णता पृष्ठभागाजवळच्या खडकाइतकीच सावकाश वाहते असं तुम्ही गृहीत धरलंय. आत ती जास्त सहज वाहत असेल तर वय कितीतरी पटींनी वाढतं. केल्विन बधला नाही.

पृथ्वीच्या पोटात उष्णता निर्माण करणारा किरणोत्सर्ग पुढे सापडला म्हणून केल्विन चुकला असं सहसा सांगतात, पण पेरीने बोट ठेवलं होतं ती जागा जास्त कळीची होती. मला यातून एवढं दिसतं की ऐकायची ती व्यक्ती, जी तुमच्या गृहीतकाला स्पर्श करते. "तुमचं सगळं चूक" म्हणणाऱ्याकडे वेळ नसेल तर चालेल. "साहेब, हा पाय जरा..." म्हणणारा पेरीसारखा असतो. तो एका नेमक्या जागेकडे बोट दाखवतोय.

रानफूल

मला अजून त्या मुलाबद्दल बोलायचंय. सगळे पाणवठा यांच्या मनाबद्दल लिहितायत, पण त्याचं काय झालं? तो एकदा बोलला आणि गप्प बसला.

२७ मार्च १९७७ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. उड्डाणाची परवानगी मिळालेली नसताना ज्या वैमानिकाने विमान पळवलं तो कच्चा नव्हता, आपल्या विमान कंपनीत इतर वैमानिकांना प्रशिक्षण देणारा वरिष्ठ होता. विमान वेग घेत असताना फ्लाइट इंजिनियरने विचारलं होतं की ते दुसरं विमान अजून धावपट्टीवरून गेलं नाही का. कॅप्टनने ठासून सांगितलं, गेलं. इंजिनियरने पुन्हा विचारलं नाही.

पुढे वैमानिकांच्या प्रशिक्षणात मोठा बदल झाला तो अशाच अपघातांमुळे. कनिष्ठाने शंका बोलून दाखवायची आणि कॅप्टनने ती मागून घ्यायची, हे विमान चालवण्याच्या कौशल्याचाच भाग म्हणून शिकवायला लागले.

मी स्वतः कार्यालयात सगळ्यांत कनिष्ठ आहे. एकदा बोललेलं झटकलं गेलं की दुसऱ्यांदा बोलायला किती बळ लागतं ते वरच्यांना कळत नाही. रागावलेलं परवडतं. "हो हो, माहीत आहे" म्हटलं की मला स्वतःच्याच डोळ्यांवर शंका यायला लागते. पाय उचललेला मी पाहिला होता ना? की मलाच तसं वाटलं?

पाणवठा

रानफूल, तुमचा प्रतिसाद मी तीन वेळा वाचला. मी माझ्याच चुकीत अडकलो होतो. त्याच्याकडून मी काय हिरावून घेतलं ते तुम्ही दाखवलंत.

महिनाभर आम्ही एक करतोय, ते लिहितो. मशीन उघडण्याआधी मी वहीत बिघाडाचा अंदाज लिहितो आणि पुढे खात्री किती टक्के तेही. तो मुलगा त्याचा अंदाज वेगळ्या पानावर लिहितो, माझा बघण्याआधी. टक्क्यांची कल्पना मी हवामानाच्या अंदाजावरून घेतली. पावसाची शक्यता ७० टक्के असं ज्या दिवशी सांगितलं त्यांपैकी खरंच सुमारे ७० टक्के दिवशी पाऊस पडला, इतके ते लोक स्वतःच्या खात्रीला नीट ओळखतात असं अभ्यासांत दिसलंय. त्यांना दुसऱ्याच दिवशी आकाशाकडून उत्तर मिळतं आणि त्याची नोंद राहते. आडवाट, तुम्ही विचारलेली मोजदाद मी कधी ठेवलीच नव्हती. आता ठेवतोय. जिथे मी ९० लिहितो तिथे दहात नऊ वेळा बरोबर यायला हवं. तेवढं येत नाहीये.

काल एका ब्लोअरला हादरे होते. मी लिहिलं, कपलिंग (मोटर आणि ब्लोअर जोडणारा भाग), ८५ टक्के. त्याने लिहिलं, "माहीत नाही. आधी बेस बघू." आम्ही आधी बेस बघितला. चारही पायांखाली पत्ती सरकवून पाहिली. बेस ठीक होता. बिघाड कपलिंगमध्येच निघाला. मला धास्ती वाटली की आता हा परत गप्प होणार.

आज सकाळी दुसरी मोटर उघडायला घेतली. मी स्क्रूड्रायव्हर टेकवायच्या आत तो खाली वाकून म्हणाला, "साहेब, आधी पाय बघू का?"